चौदा फुटांवरची ओल

पॉइंट ब्लेरोतून पुराचं पाणी ओसरून सतरा दिवस झाले होते, तरी गावात अजून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना घराघरांतून ओढून काढलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, चिकटपट्टीनं दारं बंद केलेले फ्रीज यांचे ढीग पडले होते. त्या ढिगांमधून वाट काढत अर्लीन ट्रॉक्लेअर घरोघर फिरत होती. पायांत रबरी बूट, कमरेला टेप, हातात फळीला चिमट्यानं लावलेले कागद.

गावच्या कचेरीत ती एकोणीस वर्षं होती. कुत्र्यांचे परवाने ती देई, बांधकामाचे परवाने ती देई आणि त्याच पगारात पूरविम्याची गावातली अधिकारीही तीच. विमा वॉशिंग्टनचं सरकार देतं, पण सुखासुखी देत नाही. आधी गावानं कबूल व्हायचं, की पाण्याच्या वाटेत आम्ही मनमानी बांधणार नाही आणि बांधू देणार नाही. गावानं शब्द पाळला तर गावातल्या माणसांना विमा. गावानं डोळेझाक केली तर सगळ्या गावाचा विमा बंद. मग बँका घरावर कर्ज देत नाहीत आणि घर विकायला काढलं तर कुत्रंसुद्धा विचारत नाही. त्या करारातली सगळ्यात कडू अट ही, की पुरात घराचं नुकसान घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झालं तर ते होतं तसं दुरुस्त करता येत नाही. ठरलेल्या उंचीवर उचलायचं, नाहीतर पाडायचं.

आणि निम्मं की निम्म्याहून जास्त, हे ठरवायचं कुणी? अर्लीननं.

रस्त्याच्या टोकाला ओझीत दार्दारचं घर. त्याच्या पुढे नुसतं गवत आणि बायूचं, दलदलीतल्या त्या संथ ओढ्याचं, काळं, वाहतंय की थांबलंय ते न कळणारं पाणी. म्हातारी एक्याऐंशी वर्षांची, एकटी. अर्लीन पायऱ्या चढली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की या टोकाला बेडूक ओरडत नाहीत. भर दुपारी सगळ्या बायूवर बेडकांचा गलका चाललेला आणि इथे कान गच्च बांधल्यासारखं.

"ये पोरी," ओझीत आतून म्हणाली. "बूट काढू नकोस. काढून ठेवायला जमीन कुठं धड राहिलीय?"

"मिस ओझीत, तुम्ही इथंच राहताय? वीज नाही, भिंती ओल्या..."

"भिंती वाळल्या. एक सोडून."

आत शिरण्याआधीच अर्लीननं मनात आकडा मांडला होता. पाणी सगळीकडे सारखं चढतं. या घराची जमीन समुद्राच्या पातळीपासून सात फुटांवर, पूर आला साडेनऊपर्यंत, म्हणजे भिंतीवर अडीच फुटांवर खूण असणार. ती होतीच. तपकिरी, वाळलेली, पोपडे सुटलेली. अर्लीननं टेप लावला, लिहून घेतलं आणि सहज मान वर केली.

मधल्या दाराच्या चौकटीच्याही वर, छताला हातभर उरलेलं असताना, दुसरी एक रेघ होती. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतानं आखावी तशी सरळ. तिच्यावरची भिंत कोरडी आणि खालची ओलसर, गडद. रेघेला हिरवं शेवाळ चिकटलेलं, त्यात मिरीएवढ्या गोगलगायी. एक अजून हलत होती.

"हे कशाचं?" अर्लीननं विचारलं. "छत गळतंय का?"

"गळक्या छताची ओल अशी सरळ असते का गं?"

अर्लीन खुर्चीवर चढली. बोट लावलं तर बोट गार पडलं. विहिरीच्या तळाला असतं तसलं पाणी. तिनं टेप लावला. सात फूट आणि वर एक दशांश. फोनमध्ये फोटो काढला आणि बघितलं, तर फोटोत खालची, अडीच फुटांची खूण तेवढी होती. पुन्हा काढला, तरी तेच.

"माझ्याकडे पण उमटत नाही," ओझीत म्हणाली. "नातीनं फोन दिलाय, तिला पाठवायला गेले होते. ही रेघ या पुराची नाही, पोरी. पुराच्या आधीपासून आहे. ईस्टरच्या आधी, लेंटच्या उपासात, एका सकाळी उठले, तर होती."

"मग पुसली का नाहीत?"

"पुसली ना. रोज पुसायची. आता हात पुरत नाही."

म्हातारीच्या बोलण्यात भीती नव्हती. तिनं स्पिरिटच्या शेगडीवर कॉफी ठेवली आणि अर्लीनच्या कागदावर बोट टेकवलं.

"माझं निम्म्याहून जास्त लिही."

अर्लीनला आश्चर्य वाटलं. आतापर्यंत बत्तीस घरं झाली होती आणि प्रत्येक घरात एकच आर्जव चाललं होतं, अर्लीन, कमी लिही गं. ओझीत म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर सालापासून विम्याचा हप्ता भरतेय. एक वर्ष चुकवलं नाही. त्या पॉलिसीत लिहिलंय, गावानं निम्म्याहून जास्त ठरवलं तर दुरुस्तीच्या वर घर उचलायलाही पैसे मिळतात. तीस हजार डॉलरपर्यंत. बाकीचे मी बघते. मला हे घर त्या रेघेच्या वर न्यायचंय. तू खरं तेवढंच लिही, खोटं लिही म्हणत नाही मी."

खरंही तेच होतं. घराचं नुकसान अर्लीनच्या हिशेबानं चौसष्ट टक्के भरत होतं.

*

दुसऱ्या दिवशी मेयर विल्बर्ट फाल्गू तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. पुरात स्वतःची बोट घेऊन त्यानं अकरा जणांना छपरांवरून उतरवलं होतं.

"किती निघाली?"

"एक्केचाळीसपैकी तेवीस निम्म्याच्या वर."

फाल्गूंनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "तेवीस घरं म्हणजे अर्धं गाव. त्यातल्या नऊ जणांचा विमाच नाही, अर्लीन. ते घर कशाच्या जोरावर उचलणार? जातील ह्यूस्टनला. शाळा बंद पडेल. मग उरेल काय? मी, तू आणि चर्चचा घंटा."

"चर्चची घंटा."

"तेच ते. एकोणपन्नास लिही."

"सगळ्यांना?"

"कुणाला सत्तेचाळीस लिही, कुणाला अठ्ठेचाळीस. तुला शिकवायला पाहिजे का? आणि ओझीतबाईंचं पण तेच. एका घराला चौसष्ट आणि शेजारच्याला एकोणपन्नास दिसलं, तर राजधानीतून, बॅटन रूजहून, तपासायला येणारा माणूस आंधळा थोडाच असणार आहे!"

त्या नऊ जणांत अर्लीनचा धाकटा भाऊ नॉरिस होता. वडिलांचं घर त्याच्या वाट्याला आलं होतं. कर्ज नव्हतं, म्हणून विमा घे म्हणून मागे लागायला बँकही नव्हती. दोन वर्षांपूर्वी हप्ता वाढला तेव्हा त्यानं पॉलिसी सोडून दिली आणि बोटीला नवं इंजिन बसवलं. संध्याकाळी तो कचेरीच्या दारात उभा राहिला. काही मागितलं नाही. नुसतं बायकोबद्दल म्हणाला, "रॉन्डानं स्वयंपाकघराला पिवळा रंग ठरवलाय."

अर्लीननं एकोणपन्नास लिहिलं. भावाचं लिहिल्यावर दुसऱ्यांचं न लिहायला तोंड राहिलं नाही. तेवीसच्या तेवीस कागदांवर तिनं सही केली.

ओझीतला सांगायला ती स्वतः गेली. म्हातारीनं ऐकून घेतलं, अर्लीनच्या हातातला कागद बघितलासुद्धा नाही. "बरं," म्हणाली. "आता तुलाही सगळीकडे दिसेल मग."

*

जानेवारीत नॉरिसनं जेवायला बोलावलं. घर नवं दिसत होतं. जिप्समच्या कोऱ्या भिंती, पिवळंधमक स्वयंपाकघर, चुलीवर खेकड्यांचा दाट रस्सा, गम्बो. नॉरिस खुशीत होता.

"बघ ताई, पाणी आलं होतं म्हणून सांगावं लागेल की नाही?"

"छान केलंस," अर्लीन म्हणाली आणि भाताकडे हात नेता नेता थांबली.

कपाटांच्या वर, छताच्या जरा खाली, पिवळ्या रंगावर ती रेघ होती. चारही भिंतींना एकसारखी. खिडकीच्या वरून, दाराच्या वरून, न तुटता. तिच्याखाली रंग गडद झालेला आणि शेवाळाचा एक धागा सुटून हळूहळू झुलत होता. वारा नव्हता. पाण्यात झुलतं तसं ते झुलत होतं.

"काय गं, कोळी बिळी आहे का वर?" रॉन्डानं विचारलं. ती स्टुलावर चढून भिंतीवर नवं घड्याळ लावत होती. तिनं तोल सावरायला भिंतीवर तळवा टेकला, बरोब्बर रेघेखाली. खाली उतरली तेव्हा तळवा ओला होता. तो तिनं एप्रनला पुसला, बोलता बोलता, न बघता, आणि वाढायला लागली.

जेवणभर अर्लीनला वाटत राहिलं, की आपण सगळे तळाशी बसलो आहोत. वर नॉरिसचं हसणं, चमच्यांचे आवाज, आणि ते आवाज जरा उशिरानं, जरा लांबून येताहेत.

मग ते सगळीकडे सुरू झालं. पोस्टात, तिकिटांच्या खिडकीच्या वर. दुकानात, पावांच्या फळीच्या मागे. रविवारी चर्चमध्ये ती मध्येच उठून बाहेर आली, कारण रेघ तिथे साडेचार फुटांवर होती आणि बाकावर बसलेल्या सगळ्या माणसांची डोकी तिच्याखाली. फादर बोलत होते, माणसं गात होती, तोंडं उघडत होती, मिटत होती.

तिला वाटलं, आपल्या डोक्यावर परिणाम झाला. खोट्या सह्यांचं पाप डोळ्यांत उतरलं. पण एकोणीस वर्षं मोजमापात गेलेली बाई ती. एका दुपारी कचेरीत कुणी नव्हतं. तिनं दार ओढून घेतलं आणि कपाटातून गावातल्या घरांचे उंचीचे दाखले काढले. कोणत्या घराची जमीन समुद्रापासून किती फुटांवर, हे सर्व्हेअरनं मोजून दिलेले कागद. शेजारी तिनं आपली वही ठेवली, रेघ कुठे किती उंचीवर दिसली ती लिहिलेली.

ओझीतची जमीन सात, रेघ सात पूर्णांक एक. बेरीज चौदा पूर्णांक एक.

नॉरिसची जमीन साडेसहा, रेघ सात पूर्णांक सहा. चौदा पूर्णांक एक.

पोस्टाची सात पूर्णांक चार, रेघ सहा पूर्णांक सात. चर्चची नऊ पूर्णांक सहा, रेघ साडेचार. कचेरीची आठ पूर्णांक एक. तिनं टेप घेऊन मागच्या भिंतीला लावला, तिच्या कपाळाच्या जरा वर, जिथे आठवडाभर ती बघायचं टाळत होती. बरोबर सहा फूट.

अर्लीन खाली बसली. भासाला कुठली आलीय पातळी? मन बिघडलं तर ते कुठेही काहीही दाखवील. इथे एक वेडीवाकडी वस्ती होती, उंच सखल जमिनींची, आणि ती रेघ दशांशाचाही फरक न करता सगळ्यांतून एका उंचीनं जात होती. असं एक पाणीच जाऊ शकतं. टेपच्या टोकाशी शेवाळ लागलं होतं. तिनं ते पुसायचा धीर केला नाही.

*

मार्चमध्ये तिनं तेवीस कागद नव्यानं भरले, खरे आकडे घालून, आणि घरोघर पत्रं पाठवली. तुमच्या घराचं नुकसान निम्म्याहून जास्त आहे, आधी दिलेलं पत्र रद्द समजावं.

फाल्गू धापा टाकत आले. "हे काय केलंस बाई? मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"मी तुला काढून टाकीन."

"काढा. बॅटन रूजचा माणूस पुढच्या महिन्यात येणार आहे. त्याला आधीचेही कागद दाखवीन. मग सगळ्या गावाचा विमा जाईल, आणि त्यात तुमच्या आईचं घर आहे."

फाल्गूंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "काय झालंय तुला, अर्लीन? खरं सांग."

खरं काय सांगणार? ती म्हणाली, "पाणी पुन्हा येणार आहे. यापेक्षा जास्त."

"ते काय नवीन सांगितलंस? ते आमच्या आजालाही माहीत होतं."

शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली. अर्लीन माइकसमोर उभी राहिली आणि माणसं एकेक करून तिला बोलली. ज्यांचा विमा होता त्यांना तिनं सांगितलं, आता घर उचलायचे पैसे मागता येतील, फॉर्म माझ्याकडे आहेत. ज्यांचा नव्हता त्यांना सांगितलं, राज्याच्या मदतीच्या यादीत नाव घालते. "यादी!" कुणीतरी ओरडलं. "यादीत मरून जाऊ आम्ही!" ती बोलत होती, पण तिची नजर वर जात होती. बास्केटबॉलच्या जाळीच्या बरीच खाली, समोरच्या भिंतीवर, ओल चकाकत होती.

शेवटी नॉरिस उठला. माइक घेतला नाही.

"बापाच्या घराला तू आग लावलीस," तो म्हणाला. "पाण्यानं वाचवलं होतं ते तू घालवलंस. माझ्या दारात येऊ नकोस."

तो रॉन्डाला घेऊन बाहेर गेला. सभेत एकटी ओझीत खुर्चीत शांत बसली होती. लोक पांगल्यावर तिनं आपला फॉर्म पुढे केला. भरलेला, सही केलेला.

*

त्या वर्षाच्या शेवटी ओझीतचं घर उचललं. पोलादी तुळया खाली सरकवल्या, चाळीस जॅक एका पंपाला जोडले आणि घर आडव्या करवतीसारखा आवाज करत इंच इंच वर चढलं. गावाचा नियम समुद्राच्या पातळीपासून तेरा फुटांचा होता, सरकारी नकाशावरच्या बारा फूट पुराच्या वर एक फूट. ओझीतनं ठेकेदाराला सोळा सांगितलं. "माझा दादला गेला, गुडघे गेले, आता मला काय त्या पायऱ्यांचं?" असं तिनं भलतंच कारण दिलं आणि स्वतःच हसली.

काम झाल्यावर अर्लीन तपासायला गेली. सगळ्या पायऱ्या चढून आत शिरली. भिंती कोरड्या होत्या, पार छतापर्यंत. ओझीत तिच्याकडे बघत होती.

"खाली जाऊन बघ," ती म्हणाली.

घराखाली सिमेंटचे कोरे खांब उभे होते. जमिनीवर ऊन पडलेलं. प्रत्येक खांबाला, जवळजवळ टोकाशी, शेवाळाचं एक हिरवं कडं होतं. त्याच्याखाली खांब ओला. अर्लीन त्या खांबांच्या मध्ये उभी राहिली आणि तिला कळलं, बेडूक अजूनही गप्प आहेत.

ओझीत दोन वर्षं त्या घरात राहिली आणि एका मंगळवारी दुपारी खुर्चीतच गेली. तेवीस घरांपैकी तेरा उंच झाली. सहा कुटुंबं गाव सोडून गेली, त्यांची घरं पाडली. तीन जण अजून यादीत होते. नॉरिसनं कुणाच्या यादीची वाट बघितली नाही. बोटीचं इंजिन विकलं, मग बोट विकली, मेव्हण्यांना हाताशी धरून जॅक भाड्यानं आणले आणि सव्वा वर्ष राबून घर वर चढवलं. बहिणीकडून परवाना घ्यायलासुद्धा रॉन्डाला पाठवलं. नियमात बसण्यापुरतं, तेरा फूट आणि वर जेमतेम दोन इंच.

ओझीत गेली त्याच साली ऑगस्टमध्ये वादळ आलं. सगळे आधीच निघून गेले होते. परतले तेव्हा बायू अकरा फुटांपर्यंत चढून गेली होती. मागच्यापेक्षा दीड फूट जास्त. उंच केलेल्या चौदाही घरांच्या खाली चिखल होता आणि आत धूळसुद्धा हललेली नव्हती. फाल्गूंनी कचेरीच्या पायरीवर सगळ्यांसमोर अर्लीनचा हात हातात घेतला. चार बायका रडल्या. तीन वर्षांत कुणी आणला नव्हता तो केक आला.

अर्लीननं केक खाल्ला. समोरच्या भिंतीवर अकरा फुटांची ताजी खूण होती, तपकिरी, उन्हानं वाळत चाललेली. तिच्या तीन फूट वर दुसरी. हिरवी. ती वाळली नव्हती.

महिनाभरानं, सकाळी दहाच्या सुमाराला, नॉरिस कचेरीत आला. काचेच्या खिडकीसमोर उभा राहिला, बाहेरचा कुणी उभा राहतो तसा. तीन वर्षांत तो म्हातारा दिसायला लागला होता.

"परवाना पाहिजे," तो म्हणाला.

"कसला?"

"घर उचलायचा."

"तुझं घर उचललंय, नॉरिस. नियमापेक्षा दोन इंच जास्तच आहे. आत थेंब आला नाही."

"आणखी दोन फूट पाहिजे."

अर्लीननं पेन खाली ठेवलं. नॉरिस तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली होती, बरोबर सहा फुटांवर, आणि तिथून हलत नव्हती.

"आमच्याकडे नडगीपर्यंत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळ्या खोल्यांतून. रॉन्डा म्हणते, काही नाही तिथं. पण तिचे मोजे रोज संध्याकाळी ओले असतात."

अर्लीननं खणातून कोरा फॉर्म काढला. खिडकीच्या फटीतून सरकवला.

"दोन नको," ती म्हणाली. "तीन घाल."

नॉरिसनं मान हलवली आणि उभ्या उभ्या लिहायला लागला.